गॅरंडबाईंच्या कपाळी लाल टिकली

अहो, ऐकलंत का? अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांमध्ये सध्या जे चाललंय ते सांगायला जीभ धजत नाही, आणि सांगितल्याशिवाय चैनही पडत नाही. एम-1 गॅरंड रायफल! दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीपासून ओकिनावापर्यंत अमेरिकी सैनिकाच्या खांद्यावर मिरवलेली, जनरल पॅटनसारख्या खाष्ट माणसाने तोंड भरून वाखाणलेली. तिकडे कित्येक घरांत ती आजोबांची आठवण म्हणून तेलपाणी करून जपलेली असते. अशा या वयस्कर, कुलीन बाईच्या कपाळी तिथली मंडळी लाल टिकली लावत सुटली आहेत!

टिकली म्हणजे रेड डॉट साइट. मुठीत मावेल एवढी डबी, आत नाण्याएवढी बॅटरी आणि काचेत तरंगणारा एक लाल ठिपका. एवढ्याशा वस्तूने घराण्याची अब्रू चव्हाट्यावर आली म्हणे.

घराणं तसं मोठंच. जॉन गॅरंड जन्माने कॅनडाचे, नोकरीला मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्डमधल्या सरकारी शस्त्रागारात. त्यांची ही रायफल लष्कराने 1936 मध्ये पत्करली. तेव्हा जगातल्या बहुतेक फौजा दर गोळीमागे बोल्ट मागेपुढे करत बसलेल्या; हिचा फक्त घोडा दाबत राहायचा. वजन सव्वाचार किलोंच्या वर. आठ काडतुसांची पोलादी क्लिप वरून अंगठ्याने दाबून आत बसवायची आणि अंगठा चपळाईने काढून घ्यायचा. नाही काढला तर बोल्ट तो असा चेचतो की 'गॅरंड थंब' हे दुखण्याचं नावच पडून गेलंय. आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप 'टिंग्' करत वर उडते. त्या 'टिंग्'वर तर लोक इतके लुब्ध की एरवी गाणं न ऐकणारा माणूसही डोळे मिटून ऐकतो. अशा पन्नास लाखांहून जास्त रायफली बनल्या. नेम धरायला मागे बारीक भोक आणि पुढे दोन कानांच्या मधोमध उभी फोरसाइट. एनसीसीत पालथं पडून 'फोरसाइटची टिप बघ रे!' असा उस्तादांचा ओरडा खाल्लेल्यांना हे प्रकरण काय ते वेगळं सांगायला नको.

आता गुन्हा कसा घडतो ते बघा. नळीवर मागच्या बाजूला अक्रोडाच्या लाकडाचं एक छोटं झाकण असतं, हाताला चटका बसू नये म्हणून. ते अलगद काढायचं. वर्षानुवर्षं जवसाचं तेल पिऊन काळपट तांबूस झालेलं ते लाकूड फडक्यात गुंडाळून कपाटात. त्याच्या जागी दातेरी काळी धातूची पट्टी, म्हणजे रेल, स्क्रूंनी नळीला घट्ट आवळायची आणि तिच्यावर ती डबी. एका बाजूला मऊ लाकूड, दुसऱ्या बाजूला मिट्ट काळी पट्टी, आणि मधे जुन्या पोलादाचा राखाडी-हिरवट रंग. डोळ्यांना खुपतं खरं, मी कशाला खोटं बोलू?

बरं, डबी इतकी पुढे का? कारण क्लिप वरून आत जाते. तिथेच डबी ठोकली तर भरणार कुठून? साधी दुर्बीण डोळ्यापासून ठरावीक अंतरावरच हवी असते. या ठिपक्याला ते बंधन नाही. आतला बारीकसा एलईडी वक्र काचेवर उजेड टाकतो, आणि काचेवरचा लेप त्यातला लाल तेवढा डोळ्याकडे परत धाडतो, तोही असा सरळ रेषेत की ठिपका काचेवर नव्हे, थेट लक्ष्यावर पडल्यासारखा दिसतो. डोकं जरा इकडेतिकडे झालं तरी नेम फारसा ढळत नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, ठिपका जागेवर आला की घोडा दाबायचा. मागचं भोक, पुढची टिप आणि लांबचं लक्ष्य अशी तिघांची मोट बांधायची कटकटच नाही. चांगल्या कंपनीची डबी पाच-पाच वर्षं बंद न करताही चालते म्हणतात. किंमत मात्र विचारू नका. कधी कधी टिकली बाईंच्याच भावाला जाऊन भिडते.

सोवळ्यातल्या मंडळींचा संताप तर पाहण्यासारखा. 'पॅसिफिकच्या चिखलात पोरांनी बॅटरीशिवाय युद्ध जिंकलं, आणि तुम्हाला कागदावर भोकं पाडायला दिवा लागतो?' हा पहिला वार. दुसरा वार दस्त्यावरून. या रायफलीचा लाकडी दस्ता खालच्या लोखंडी साइटच्या मापाने घडवलेला. ठिपका बसतो उंच, म्हणजे गाल टेकायचा तिथे हनुवटी टेकवून, मान लांब करून बघावं लागतं. तिसरा आक्षेप असा की पट्टी नळीवर, आणि भराभर गोळ्या झाडल्या की नळी तापते; मग आवळलेलं सैल होतं आणि ठिपका एकीकडे, गोळी दुसरीकडे. हे दोन आक्षेप रास्त आहेत, माझं मत विचाराल तर. पहिला मात्र नुसता आव आहे. कारण बाईंच्या घराण्याची जुनी कागदपत्रं उघडली की भलतंच बाहेर येतं.

'मूळ रूप, मूळ रूप' म्हणून जे छाती बडवतात, त्यांच्या मूळ रूपाला विचारा की बाई, तुझी नळी कुठली? महायुद्ध आणि पाठोपाठ कोरियाचं युद्ध उरकल्यावर शस्त्रागारांनी या रायफली हजारोंनी खोलल्या, झिजलेल्या नळ्या फेकल्या, एकीचा बोल्ट दुसरीला, तिसरीचा दस्ता चौथीला, असं करून पुन्हा जुळवल्या. अगदी सुरुवातीच्या रायफलींमध्ये नळीच्या तोंडाशी वायू पकडायची सोय होती. ती पुढे बदलली, आणि जुन्या रायफलींपैकी बहुतेक परत बोलावून नव्या पद्धतीच्या करून टाकल्या. आज तसा अस्पर्श नमुना सापडला तर संग्राहक जमीन विकायला निघतील. म्हणजे ज्या बाईंच्या शुचितेसाठी एवढा आक्रोश, त्यांचे निम्मे अवयव सरकारनेच कधीचे बदललेत.

शिवाय दुर्बिणीचं लफडंही जुनंच. 1944 मध्ये लष्कराने स्वतःच एम-1सी नावाची नेमबाजांची खास आवृत्ती काढली. क्लिपचा रस्ता मोकळा ठेवायचा म्हणून दुर्बीण डावीकडे सरकवून बसवली आणि गाल तिच्या रेषेत यावा म्हणून दस्त्यावर चामड्याची गादी बांधली. आणि धाकटी बहीण, ती हलकी एम-1 कार्बाइन? तिचं तर नावच काढू नका! 1945 मध्ये ओकिनावाच्या अंधारात तिच्या एका भावंडावर अवरक्त प्रकाशाचा दिवा नि दुर्बीण बसवून, सैनिकाच्या पाठीवर बॅटरीचं ओझं देऊन रात्री शिकार चालायची. 'आमच्या वेळी बॅटरी नव्हती' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. ठिपक्याची युक्तीही आजची नव्हे. डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी 1900 मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. तेव्हा गॅरंड रायफल कोणाच्या स्वप्नातही नव्हती. एलईडीवाला ठिपका बाजारात आणला तो स्वीडनच्या एमपॉइंटने, 1970 च्या दशकात.

आता कान इकडे करा, आतली गोष्ट सांगते. टिकली लावणारे सगळे काही मिसरूड न फुटलेले पोरगे नाहीत. पन्नाशी-साठी ओलांडलेले पुष्कळ आहेत त्यात. चाळिशी लागली की हाताच्या अंतरावरची टिप आधी धूसर होते; चष्म्याने टिप दिसली तर लक्ष्य पुसट, लक्ष्य दिसलं तर टिप गायब. ठिपका मात्र लक्ष्याच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो, त्यामुळे म्हातारा डोळा एकाच जागी बघून मोकळा. मग काय, चारचौघांत 'शिव शिव!' करणारे काका सकाळी लवकर, रेंजवर कोणी नसताना, गाडीच्या डिकीतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढतात, असं मी म्हणत नाही हं, लोक म्हणतात.

आणि पंचांनीही हळूच माघार घेतलीच की. ओहायोतल्या कॅम्प पेरीला 1907 पासून राष्ट्रीय नेमबाजी सामने भरतात, तिकडची पंढरीच ती. तिथल्या सर्व्हिस रायफलच्या सामन्यांत 2016 पासून साडेचार पटींपर्यंतची दुर्बीण चालू लागली, तेव्हा केवढा गहजब झाला होता! गॅरंडच्या नावाने जो खास सामना होतो तिथे मात्र अजून लोखंडी साइटच लागते. तेवढं सोवळं राखलंय.

खरा अपराध वेगळाच, आणि त्यावर दोन्ही पक्षांचं एकमत आहे. स्क्रूने आवळलेली पट्टी अर्ध्या तासात निघते, लाकूड पुन्हा बसतं, बाई जशीच्या तशी. पण काही महाभाग ड्रिल घेऊन बसतात आणि जुन्या पोलादात सरळ भोकं पाडून आटे काढतात. त्यांना क्षमा नाही. त्यात आपलीही एक लेक भरडली गेली. 1962 च्या युद्धानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात जुन्या एनफील्डच्या घडणीवर 7.62 ची 2ए1 रायफल बनली. निवृत्तीनंतर तिच्यातल्या पुष्कळ अमेरिकेच्या बाजारात गेल्या, स्वस्तात विकल्या गेल्या, आणि स्वस्त म्हणून कोणीही कापल्या, कोणीही भोसकल्या. आमच्या खडकीच्या कारखान्याचा 'के एफ' शिक्का .303 काडतुसांच्या बुडाशी असतो, तो परदेशातले एनफील्डवाले लगेच ओळखतात; पण ईशापूरच्या लेकीची कोणाला दया नाही. इथे मायदेशी ही चंगळ मुळातच शक्य नाही. लष्करी बोअरच्या रायफली सामान्य परवानाधारकाला मिळतच नाहीत. म्हणून तर .315 बोअरची वेगळी रायफल बनवावी लागली. त्यामुळे आपल्या वाट्याला उरते ती फक्त चर्चा, आणि तीत आपण कोणाला हार जात नाही.

हां, टिकलीवाल्यांचंही सगळं गोड नाही बरं का. डोळ्यात दृष्टिवैषम्य असलं की पैसे मोजून आणलेला गोल ठिपका फुटतो. कोणाला त्याचे दोन दिसतात, कोणाला त्याला शेपूट फुटलेली दिसते. बिचारे डबी सदोष म्हणून दुकानदाराशी भांडतात. दुकानदार म्हणतो, मागच्या लोखंडी साइटच्या भोकातून ठिपका बघा. बघतात तर ठिपका गोलच! डबी निर्दोष, डोळा दोषी. म्हणजे शेवटी त्याच जुन्या भोकातून बघायची पाळी. आणि त्यावर तोडगा म्हणून आता काहींनी हिरवा ठिपका आणलाय, तो डोळ्याला सुसह्य वाटतो म्हणे. झाली की नवी तेढ! परवापर्यंत लाल-नकोवाले आणि लालवाले असे दोनच तट होते, आता लालवाले हिरव्यांच्या पंगतीला बसायला तयार नाहीत.