ढेपेवरून गोळीवर : म्हैसधारकांसाठी आचारसंहिता

बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापुरात म्हशीपुढे ढेप ठेवायला कारण लागत नाही. शिवारात कापूस, गावात जिनिंग, जिनिंगमधून सरकी, सरकीतून तेल आणि तेल काढून उरते ती ढेप. कारण लागते ते ढेप बंद करायला. ते कारण बहुधा भाव हेच असते. मुंबईच्या एनसीडीईएक्स या वायदेबाजारात सरकी ढेपेचे वायदे होतात, त्यात अकोल्याचे नाव मानाने घेतले जाते. म्हणजे आपल्या म्हशीच्या जेवणावर असे लोक बोली लावतात, ज्यांनी म्हैस दुरूनही पाहिलेली नाही. तेव्हा ज्यांना ढेप सोडून कट्ट्यातून मिळणाऱ्या तयार गोळीखाद्याकडे वळायचे असेल, त्यांनी पुढील कलमे गोठ्याच्या दारावर चिकटवावीत. म्हैस खाणार नाही इतक्या उंचीवर.

कलम १ : खरेदी. कट्ट्यावर छापलेल्या म्हशीकडे पाहू नये. ती चित्रकाराने पाळलेली असते. त्याखालची बारीक अक्षरे वाचावीत. आयएस २०५२ या मानकानुसार पहिल्या प्रतीच्या खाद्यात किमान २२ टक्के आणि दुसऱ्या प्रतीच्या खाद्यात किमान २० टक्के प्रथिने हवीत. दुकानदार प्रथिनांविषयी न बोलता शेजारच्या गावातल्या कुणाचे दूध दुप्पट झाले ते सांगू लागला, तर चहा पिऊन निघावे.

कलम २ : घरची मंजुरी. कट्टा उतरताना बुढी ओसरीवरून विचारेलच, ‘‘हे काय आनलं रे बापा? म्हस हाये का कोंबडी?’’ उत्तर देऊ नये. प्रथिनांचे आकडे तर मुळीच सांगू नयेत. दुसऱ्या दिवशी तीच सवयीने गोळी ढेपेसारखी घमेल्यात भिजत घालेल आणि गोळीचा लगदा होईल. ढेप भिजवतात, गोळी कोरडीच देतात, एवढी एकच सुधारणा त्या दिवशी घरात मांडावी.

कलम ३ : खरे मतदार. म्हैस खाते हा मालकाचा समज आहे. खातात ते तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले जीवजंतू. त्या कप्प्यातल्या रसाच्या एका थेंबात त्यांची संख्या कोट्यवधींत असते, म्हणजे सबंध बुलढाणा जिल्ह्याच्या लोकसंख्येहून जास्त. ढेप पचवणाऱ्यांची तिथे वर्षानुवर्षे सत्ता आहे. नवे खाद्य आले की नव्या मंडळींची संख्या वाढायला दोनतीन आठवडे लागतात. रातोरात सत्तांतर केले, की पोटात आम्ल वाढते, रवंथ थांबते, शेण पातळ होते. या मतदारांना पैसे वाटता येत नाहीत.

कलम ४ : वेळापत्रक. पहिले पाच दिवस चौथा हिस्सा गोळी, तीन हिस्से ढेप. पुढचे पाच दिवस निम्मे निम्मे. त्यापुढचे पाच दिवस तीन हिस्से गोळी. सोळाव्या दिवशी पूर्ण. एकूण खुराक वाढवायचा नाही. म्हशीच्या अंगासाठी साधारण दीड किलो आणि दर दोन लिटर दुधामागे एक किलो हा हिशोब, म्हणजे आठ लिटरवालीला साडेपाच किलो. ‘नवीन आहे, आवडेल’ म्हणून ओंजळभर जास्त घालणारा पाहुणा गोठ्याबाहेर ठेवावा.

कलम ५ : एका वेळी एकच क्रांती. याच पंधरवड्यात कडबा संपवून सोयाबीनचे कुटार सुरू करू नये, हिरव्या चाऱ्याचा भाराही नव्याने टाकू नये. काही बिघडले तर दोष कुणाला द्यायचा, हे घरातल्या लोकांना कळायला हवे.

कलम ६ : तपासणी. रोज सकाळी शेण पाहावे, तेही वर्तमानपत्राआधी. पातळ झाले, तर पुढची पायरी चढू नये, मागची दोनचार दिवस लांबवावी. बसलेल्या म्हशी निवांत रवंथ करत असल्या, तर कारभार ठीक समजावा. डेअरीवर फॅट थोडी घसरली, तर काट्यावरच्या माणसाशी वाद घालू नये, पोटातल्यांना मुदत द्यावी. मात्र डावी कूस फुगली आणि जनावर अस्वस्थ झाले, तर हा कागद बाजूला ठेवून लगेच पशुवैद्यकाला बोलवावे. तिथे विनोद चालत नाही.

कलम ७ : बहिष्कार. काही म्हशी जिभेने ढेप तेवढी निवडतात आणि गोळ्या गव्हाणीच्या कोपऱ्यात लोटून ठेवतात. अशा वेळी समजावणे, दटावणे व नावाने हाक मारणे निरुपयोगी. ढेपेचे खडे फोडून गोळीत नीट कालवावेत, उरलेले उष्टे काढून गव्हाण धुवावी. आंबलेल्या उष्ट्यावर नवे खाद्य टाकून ‘खात नाही’ म्हणणे हा मालकाचा गुन्हा आहे.

कलम ८ : परतीचा मार्ग. सोळाव्या दिवशी म्हैस गोळी आवडीने खाऊ लागेल आणि सतराव्या दिवशी ढेप स्वस्त होईल. हा निसर्गनियम समजावा. परतायचे असेल तर जातानाचेच वेळापत्रक उलटे लावावे. ढेप ओळखीची असली तरी पोटातले जुने सभासद दरम्यान पांगलेले असतात. भावामागे दर महिन्याला धावणाऱ्याची म्हैस बारमाही संक्रमणात राहते आणि वाचलेले पैसे औषधाच्या दुकानात जातात.

कलम ९ : गोपनीयता. दूध टिकले, फॅट सावरली, की शेजारी कुंपणाशी येऊन विचारेल, ‘‘काय चारता जी?’’ अशा वेळी चेहरा गंभीर ठेवून ‘ढेप’ असे सांगावे. साऱ्या आळीने गोळी धरली, तर तिचाही भाव चढायला वेळ लागणार नाही.