मान धरण्यापासून ‘काहून’पर्यंत

लहान मुलाचा विकास वरून खाली होतो. आधी मान सावरते, मग पाठ, मग कंबर, आणि पायांचा नंबर सर्वांत शेवटी लागतो. आतून बाहेर हा दुसरा नियम: खांदा आधी ताब्यात येतो, बोटे नंतर. हे दोन्ही नियम जगातल्या झाडून सगळ्या मुलांना लागू आहेत आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या अमडापूरची मुलेही ते पाळतात. वेगळेपण असलेच तर ते भोवतालच्या मोठ्यांत आहे. चिखली-खामगाव रस्त्यावरच्या, बल्लाळदेवीच्या या गावात मूल जन्मले की त्याच्या प्रगतीवर देखरेख करणारे एक मंडळ आपोआप स्थापन होते. सभासद होण्यासाठी नात्याची अट नाही. ओट्यावरून जाता-येता बाळ दिसणे पुरेसे आहे.

मूल साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरते. तोवर त्याला कुणी उचलले की निदान तीन दिशांनी ‘मान सांभाळजा’ असा पुकारा होतो. चौथ्या ते सहाव्या महिन्यात ते पालथे पडते. ही घटना बहुधा घरात कुणाचे लक्ष नसताना घडते, त्यामुळे तिचा साक्षीदार कोण यावर वाद राहतो. पालथे पडलेल्या बाळाला परत उताणे होता येईलच असे नाही. काही दिवस ते आपल्याच पराक्रमाखाली अडकून रडते.

या प्रगतीची शास्त्रशुद्ध मोजदाद करणाऱ्यांत एक मराठी नाव मोठे आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बालकांसाठी विकासमापनाची श्रेणी तयार केली. परदेशी तक्ते आपल्या लेकरांना जसेच्या तसे लावण्यापेक्षा इथलीच बाळे तपासून इथले वय ठरवावे, ही त्यामागची भूमिका. 1997 च्या सुधारित आवृत्तीत हालचालींच्या 67 आणि बौद्धिक विकासाच्या 163 बाबी आहेत. अमडापूरचे मंडळ एवढ्या खोलात जात नाही. त्याची एकच कसोटी असते, ती म्हणजे शेजारचे पोट्टे. ‘काहून बाप्पा, अजून बसत नाही? आमचं तं याच्या एवढं असताना उभं राहे.’ आमचं म्हणजे कोणतं, हे विचारण्याची पद्धत नाही. विचारल्यास ते पोट्टे आज चाळीस वर्षांचे असून समोरच्या पानटपरीवर उभे असल्याचे कळते. उभे राहण्याचा त्याचा उत्साह टिकून आहे, एवढे खरे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये ‘अजून बसत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर प्रसिद्ध केले. भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या नोंदींवरून असे दिसले की आधाराशिवाय बसणे 3.8 ते 9.2 महिन्यांत केव्हाही येऊ शकते आणि आधाराशिवाय चालणे 8.2 ते 17.6 महिन्यांत. म्हणजे दोन निरोगी मुलांच्या पहिल्या पावलांत नऊ महिन्यांहून जास्त अंतर पडू शकते. तेवढ्यात घरात दुसरे मूल जन्माला येते. शंभरातली चारेक मुले तर हातापायांवर रांगतच नाहीत. त्यांतली काही ढुंगणावर सरकत सरकत थेट उभी राहतात. रांगण्याचा वर्ग बुडवल्याबद्दल निसर्ग त्यांना नापास करीत नाही, पण मंडळ बरीच वर्षे आठवण ठेवते.

हाताची गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. सहाव्या-सातव्या महिन्यात बाळ समोरचा दाणा पंजाने ओढते. सगळी बोटे एकदम चालतात आणि दाणा बहुतेकदा मागेच राहतो. पुढच्या दोन-तीन महिन्यांत अंगठा आणि तर्जनी एकमेकांना शोधतात. आधी दाणा बोटाच्या बाजूला टेकवून धरला जातो, आणि दहाव्या महिन्याच्या आसपास टोकाला टोक लावून नेमका उचलला जातो. दवाखान्यात ही चिमूट तपासायला मनुका किंवा छोटी गोळी ठेवतात. अमडापुरात वेगळी सोय करावी लागत नाही, कारण सुगीच्या दिवसांत सोयाबीन, तूर आणि हरभरा घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात असतो. खाट झटकून, खोली झाडून, पोते शिवून झाल्यावर उरलेला एकमेव दाणा घरातल्या कुणालाही दिसत नाही. दहा महिन्यांच्या बाळाला तो दाराशी बसून दिसतो. उचललेली वस्तू तोंडात जाते, आणि पुढे दोनेक वर्षांनी नाकात किंवा कानात. नाकात गेलेला हरभरा ओलाव्याने फुगतो. म्हणून तो पाणी घालून किंवा काडीने कोरून काढू नये, मुलाला डॉक्टरकडे न्यावे. शेंगदाणे आणि फुटाणे श्वासनलिकेत अडकू शकतात, त्यामुळे चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या मुठीत ते देऊ नयेत. पाहुणे मात्र खिशातून नेमके तेच काढतात.

चालण्याच्या शिक्षणासाठी महाराष्ट्राने पांगुळगाडा दिला. सुतार तो तीन चाकांवर बसवतो, आणि मुलाच्या छातीएवढ्या उंचीवर धरायला आडवी दांडी असते. मूल त्याच्या मागे उभे राहते, स्वतःचे वजन स्वतःच्या पायांवर घेते आणि गाडा ढकलते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर तो शहाण्यासारखा हळू चालायचा. फरशीवर त्याला एस.टी.चा वेग येतो आणि मूल मागून लोंबकळत जाते. तरीही सध्याच्या प्लास्टिकच्या वॉकरपेक्षा तो बरा. वॉकरमध्ये मूल मधल्या झोळीत बसते आणि पायाच्या बोटांनी जमीन रेटते. त्यामुळे तोल सावरणे शिकायचेच राहते, चालणे लांबू शकते, आणि पायरीवरून वॉकरसकट गडगडण्याचा धोका वेगळाच. कॅनडाने 2004 मध्ये अशा वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात बंद केली. जुना वॉकर दुसऱ्याला विकणेही तिथे बेकायदा आहे. चिखलीच्या बाजारातून हौसेने वॉकर आणणारे मामा या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात, हे त्यांचे नशीब.

बोलण्याची सुरुवात रडण्याने होते. दुसऱ्या महिन्यात ‘ऊऽ, आऽ’ असे हुंकार येतात, आणि सहाव्या-सातव्या महिन्यानंतर ‘बाबाबा, दादादा, मममम’ अशा माळा सुरू होतात. बाप पहिल्या माळेला हाक समजतो आणि त्याच संध्याकाळी पेढे आणतो. बाळ तीच हाक पंख्याला, कोंबडीला आणि दूधवाल्यालाही मारत असते. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने 1960 च्या सुमारास दाखवून दिले की जगभर आईबापांच्या नावांत ओठ मिटून काढलेले सोपे आवाज पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यांतला ‘म’ तर दूध पितानाच्या गुणगुणण्यातही असतो. वऱ्हाडची ‘माय’ या हिशेबात चपखल बसते. ‘आई’त व्यंजनच नाही, त्यामुळे ती आणखी सोपी. एवढे असूनही पहिला मान बहुधा बाबाला मिळतो, आणि माय तो प्रसंग पुढे अनेक वर्षे भांडणात वापरते.

बोलणे ऐकण्यावर अवलंबून असते, याचा एक क्रूर पुरावा इतिहासात आहे. माणसाची मूळ भाषा कोणती हे पाहण्यासाठी अकबराने काही तान्ही बाळे मुक्या दायांच्या हवाली करून एका वाड्यात ठेवली. लोक त्याला गुंग महल, म्हणजे मुक्यांचा महाल, म्हणू लागले. 1582 मध्ये बादशहा पाहायला गेला, तेव्हा मुलांच्या तोंडून एकही शब्द आला नाही, असे अबुल फजलने नोंदवले आहे. अमडापुरात हा प्रयोग करता येणार नाही. मळणीयंत्र, गाडीचा हॉर्न, भोंग्यावरचे भजन आणि दोन घरांतून एकाच वेळी चाललेले संभाषण यांतून गुंग महल उभारायला जागाच सापडत नाही. शिवाय मोठी माणसे बाळाशी मुद्दाम सोपी भाषा बोलतात: मम, हम्मा, भूभू, चिऊ, भुर्र, हाऊ. ही भाषा बाळांची म्हणून ओळखली जाते, पण ती मोठ्यांनी घडवलेली आहे. ज्या आजोबांसमोर गावच्या बैठकीत कुणी तोंड उघडत नाही, तेच पाळण्याजवळ वाकून ‘अले माजं लाजं’ असे काही तरी करतात. शास्त्राच्या दृष्टीने हे अगदी बरोबर आहे. वरच्या पट्टीतला, संथ, लांबवलेला आवाज बाळे अधिक लक्ष देऊन ऐकतात.

मोबाइलचा आवाजही वरच्या पट्टीतला असतो. त्याचा दोष असा की तो उत्तराची वाट पाहत नाही. बाळ ‘ऊं’ म्हणते, आजी ‘हो का?’ म्हणते, बाळ पुन्हा ‘ऊं’ म्हणते, या देवाणघेवाणीत बोलणे शिकले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनेनुसार दोन वर्षांच्या आत पडदा नको, आणि दोन ते चार या वयात दिवसाला तासाभराहून जास्त नको. घास भरवताना ही सूचना कुणाला आठवत नाही.

वर्षाच्या सुमारास पहिला अर्थपूर्ण शब्द येतो. कळणे नेहमी बोलण्याच्या पुढे असते. ‘चप्पल आण’ म्हटल्यावर चप्पल आणणाऱ्या मुलाला स्वतःला ‘चप्पल’ म्हणता येत नाही, आणि नको असेल तेव्हा ऐकूही येत नाही. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडले जातात: ‘मम दे’, ‘बाबा भुर्र’, ‘आजी नाई’. मग व्याकरण सुरू होते. ‘मी करलं’, ‘बाबा जाला’ असे मूल म्हणते, तेव्हा घर हसते. पण हे रूप त्याने कुणाकडूनही ऐकलेले नसते. ‘बस’चे ‘बसला’, ‘पड’चे ‘पडला’ हे पाहून त्याने स्वतः नियम काढलेला असतो. चूक असेलच तर ती मराठीतल्या ‘जा’ची आहे, जो ऐनवेळी ‘गेला’ होतो.

उच्चारांत प, ब, म, त लवकर साधतात. क आणि ग यांच्या जागी काही काळ त आणि द येतात, म्हणून काकाचा ‘ताता’ होतो. र बराच उशिरा येतो आणि तोवर ल त्याचे काम पाहतो. ळ हा जिल्ह्याचा स्वतंत्र प्रश्न आहे. घाटाखाली, खामगावकडे, शाळेची ‘शाया’, डोळ्याचा ‘डोया’ होतो. घाटावर, चिखलीकडे, दोन्ही रूपे कानावर पडतात. अमडापूरचे मूल कावळ्याला ‘तावया’ म्हणते, तेव्हा पहिले अक्षर त्याची स्वतःची चूक असते आणि शेवटचे आजीकडून वारशाने आलेले. म्हणून वाचा तपासणाऱ्याने मुलाचा दोष लिहिण्याआधी आजीला दोन वाक्ये बोलायला लावावीत.

बोलणे लांबले की मंडळाची खास सभा भरते. मामाही उशिरा बोलला होता, हा पहिला मुद्दा. पोपटाचा उष्टा पेरू, हा दुसरा. मधात वेखंड उगाळून जिभेला चोळणे, हा तिसरा. आणि इथे थांबले पाहिजे, कारण वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणे धोक्याचे आहे. मधातल्या जंतूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. जीभ खाली चिकटलेली असेल तर काही उच्चार अडतात, पण त्यामुळे मूल मुके राहत नाही. दहा महिन्यांपर्यंत ‘बाबाबा’ नसेल, वर्षाला नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतःचे दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेले बोलणे कोणत्याही वयात गेले असेल, तर मामाचा इतिहास बाजूला ठेवावा आणि आधी कान तपासावेत. ऐकू न येणारे बाळही पहिले हुंकार देते, त्यामुळे सुरुवातीला कुणाला शंका येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासते आणि गरज वाटल्यास पुढे पाठवते. पथकासमोर एरवी अखंड बडबडणारे मूल मौन धरते आणि गाडी वळणावरून दिसेनाशी होताच बोलू लागते, हे अंगणवाडी ताईला ठाऊक असते. म्हणून तिचे म्हणणेही ऐकावे.

दोन ते पाच या वयात पुष्कळ मुले ‘मी मी मी मी’ असे अडखळतात. विचार धावतो आणि जीभ मागे राहते. बहुतेकांचे हे आपोआप जाते. ‘नीट बोल’ असे दटावल्याने उपयोग होत नाही.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी ‘काहून’, म्हणजे ‘का’, येते. बैल काहून बसला? थकला. काहून थकला? वावरात गेला होता. वावरात काहून गेला? या तिसऱ्या प्रश्नानंतर आजोबा मुलाला मायकडे पाठवतात आणि माय परत आजोबांकडे. पाच-सहा वर्षांपर्यंत र बसतो आणि शाळेतला ळही. तोवर मुलाने आपली सोय करून घेतलेली असते: गुरुजींना आणि चिखलीकडच्या आजीला तो ‘काळा बैल’ सांगतो, आणि खामगावकडची आजी आली की त्याच बैलाला ‘काया’ म्हणतो.