बुडीत कालव्याचा नफा

बाथ, इंग्लंड

तीर्थरूप बाबांस,


दारात गाडी असताना सहकुटुंब सायकली हाणण्याइतकी आमची परिस्थिती कधी खालावली, असं तुम्ही विचारलंत. आमची उत्तम आहे. खालावली होती ती इथल्या कालव्याची, आणि सायकलवाल्यांचं सारं सुख त्या नुकसानीतूनच आलेलं आहे, असं माझं म्हणणं आहे.

खडकवासल्याहून पुण्यात येणाऱ्या मुठा कालव्याला पाणी पोचवायचं असतं, म्हणून त्याला उतार. 1810 साली पुरा झालेल्या या केनेट-एव्हन कालव्याला होड्या पोचवायच्या होत्या, म्हणून इथलं पाणी सपाट. चढ आला की लॉक, म्हणजे पाण्याची पातळी वरखाली करणारे दरवाजांचे हौद, बांधून होडी पायरीपायरीने वर घ्यायची. बाथच्या वरच्या लॉकपासून ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनपर्यंत सुमारे 15 किलोमीटर एकही लॉक नाही. डंडास इथे तर जॉन रेनी या इंजिनिअरने अख्खा कालवा दगडी कमानींवरून नदीपलीकडे नेला, पण पातळी सोडली नाही. काठाची वाट होड्या ओढणाऱ्या घोड्यांची. अशा जुन्या कालव्यांच्या पुलांवर ओले दोर घासून दगडात पडलेल्या खाचा दिसतात, हाताचं बोट आत बसेल इतक्या खोल. मग 1841 मध्ये लंडन-ब्रिस्टल रेल्वे पुरी झाली, माल तिकडे गेला आणि 1852 मध्ये रेल्वे कंपनीनेच कालवा विकत घेतला. म्हणजे दुकानाच्या किल्ल्या समोरच्या दुकानदाराकडे! धंदा तेजीत राहिला असता तर याच काठावर आज ट्रक उभे असते.

तुम्ही म्हणाल, नुसत्या तोट्याने वाटा होत असत्या तर आपल्याकडे किती झाल्या असत्या! खरं आहे. हा कालवाही पुढे जागोजागी आटला, लॉक कुजले. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे गाळ उपसला, तेव्हा कुठे 1990 मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते तो पुन्हा खुला झाला. तोट्याने वाट मोटारींपासून वाचवली. ती टिकवली मात्र माणसांनी.

रस्ता दाखवायला फोन असताना सायकलवाटेवर पाट्या कशाला, हा आमच्या चिरंजीवांचा आक्षेप. फोन लवकर पोचवतो, म्हणजे हायवेला नेऊन सोडतो. सायकलमार्गाच्या निळ्या पाटीवरचा लाल चौकटीतला 4 हा आकडा लंडनपासून वेल्समधल्या फिशगार्डपर्यंत जातो, आणि शांत रस्त्यासाठी खुशाल वळसा घेतो. डिव्हायझेसला कालवा 29 लॉक चढून सुमारे 72 मीटर वर जातो, तिथे आपलेही गुडघे बोलू लागतात, हे कबूल. पुढे हाच आकडा कुंपणाच्या झुडपांमधून जाणाऱ्या अरुंद गावरस्त्यांना लागतो. वेग मिळत नाही, हेही कबूल. काठावर पहिला मान पायी चालणाऱ्याचा आणि पुलाखालच्या आंधळ्या वळणावर घंटी वाजवून दबकत जायचं. ज्याला घाई आहे त्याच्यासाठी शेजारून रेल्वे धावतेच. कालव्याची गिऱ्हाइकं पळवल्यावर तिने एवढं तरी करावं.

सारांश, चांगल्या सायकलवाटेला तीन गोष्टी लागतात: सपाटी, मोटारींची गैरहजेरी आणि पाटी. यांत पाटी सर्वांत स्वस्त, म्हणून जगभर तीच आधी लागते, आणि पुष्कळदा तेवढीच.

आईला सांगावे, सगळे हेल्मेट घालतात. त्यावरून कानटोपी बसत नाही, एवढाच पेच आहे.

आपला,
धाकटा