शून्याचा सोस

घरगुती प्रवाळ-टाकीत शेवाळ पाळीपाळीने येते. नवी टाकी लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पांढऱ्या वाळूवर तपकिरी थर धरतो. ही डायॅटम नावाची एकपेशीय शेवाळे. पाण्यातले सिलिकेट संपले की ती बहुधा आपोआप जातात. तोवर मालकाने एक महागडी बाटली ओतलेली असते आणि श्रेय तिला मिळते.

मग दगडांना हिरवे जावळ फुटते. या केसाळ शेवाळाचे खत म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट, आणि खताचा मुख्य पुरवठा जास्तीच्या खाण्यातून होतो. मासा तोंडाची उघडझाप करतो ती श्वासासाठी. पण न्यू जर्सीला मुलाकडे गेलेल्या आईला तो उपाशीच दिसतो, आणि चिमूटभर खाणे हळूच पाण्यात पडते. नळाच्या पाण्यातूनही हे खत येते, म्हणून समुद्री मीठ आरओ-डीआय गाळणीने शुद्ध केलेल्या पाण्यातच विरघळवायचे. वाळूवरचा लाल बुळबुळीत थर मात्र शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया. एवढे कळल्याने तो जात नाही.

बंदोबस्ताला सफाईपथक नेमतात. टर्बो गोगलगाय दगड स्वच्छ करते आणि वाटेतली प्रवाळे आडवी पाडते. टक्सिडो सी अर्चिन शिंपले, खडे, प्रसंगी नुकतेच चिकटवलेले प्रवाळही पाठीवर घेऊन हिंडतो. एमराल्ड खेकडा व्हॅलोनिया या शेवाळाचे हिरवे मणी खातो असे म्हणतात. खेकड्याला ते पटलेले असतेच असे नाही. याहून खात्रीचा उपाय म्हणजे टाकीखालच्या कपाटात दिव्याखाली कीटोमॉर्फा वाढवायचा आणि वेळोवेळी कापून फेकायचा. शेवाळ घालवायला शेवाळ पाळायचे, हे पाहुण्यांना समजावणे सर्वांत अवघड.

खरा घोटाळा अतिस्वच्छतेने होतो. फेरिक ऑक्साइडचे दाणे वापरून फॉस्फेट शून्यावर, नायट्रेटही शून्यावर, मालक कृतार्थ. आणि अशाच पाण्यात डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव माजतात. बुडबुडे अडकलेले तपकिरी, चिकट तंतू सकाळी पुसावेत तर संध्याकाळी हजर. काही जाती विषारी असतात. त्या खाऊन गोगलगायी मरतात. मग ज्यासाठी इतके दिवस झगडले तेच नायट्रेट-फॉस्फेट विकत आणून थेंबाथेंबाने घालावे लागते. लिटरला साधारण 5 मिलिग्रॅम नायट्रेट आणि 0.03 ते 0.1 मिलिग्रॅम फॉस्फेट असावे. प्रवाळांना अन्न पुरवणारे, त्यांच्या पेशींत राहणारे झूझँथेलीही डायनोफ्लॅजेलेटच, त्यामुळे सरसकट विषप्रयोग करण्याची सोय नाही. काही जण तीन दिवस टाकीवर चादर घालून अंधार करतात.

टाकीत मालकाला हवेसे वाटणारे शेवाळ एकच: गुलाबी-जांभळे कोरलाइन. त्यासाठी पाण्यातले कॅल्शियम आणि क्षारता सांभाळतात. ते दगडांवर चढते, काचेवरही चढते, आणि तिथून पात्याने खरवडावे लागते. पंपावर चढले, तर पंप व्हिनेगरमध्ये भिजत घालायचा.