अंगावरचा बंदोबस्त

वेंगुर्ल्यासारख्या बंदरगावी जन्मलेल्या मनुष्याच्या ठिकाणी समुद्राविषयी एक वडिलोपार्जित आणि बहुतांशी निराधार असा आत्मविश्वास असतो. त्याच्या घराण्यातील कोणी होडीत पाऊल ठेवलेले नसो, मत्स्यविद्येतील त्याचा अधिकार बाजारात मासेवालीशी घासाघीस करण्यापुरता असो, अरबी समुद्र आपल्या पूर्वजांना इनाम मिळाला असून त्याची सनद माळ्यावरच्या पेटीत कोठेतरी आहे, अशाच थाटात तो बोलतो. उभी हयात कोषागार कचेरीत काढून मी कॅलिफोर्नियात मॉन्टेरे येथे भाच्याकडे राहावयास गेलो, तेव्हा ही सनद अर्थातच माझ्याबरोबर होती. आणि म्हणून "मामा, शनिवारी कयाक घेऊन मासे पकडायला जाऊ या," असे तो म्हणताच मी एवढेच विचारले, की न्याहारी घरी करून निघायचे की डबा घ्यायचा.

भाचा पेशाने संगणकवाला. परंतु समुद्राच्या बाबतीत त्याची वृत्ती जुन्या काळच्या शिरस्तेदाराची आहे. पुरवण्या जोडल्याखेरीज अर्ज दाखल करून घेणे त्याला ठाऊक नाही. प्रथम त्याने मला मासेमारीचा परवाना काढावयास लावले. सोळा वर्षे पुरी झालेल्या प्रत्येकास तो तेथे लागतो, सार्वजनिक धक्क्यावरून गळ टाकणाऱ्यास तेवढी माफी आहे. आणि या एका कलमाच्या अंमलबजावणीत मी त्याच्याहून अधिक उत्साह दाखविला, हे नमूद करणे अवश्य आहे. मग त्याने गॅरेजात नेऊन मला नौकेचे दर्शन घडविले. बारा फूट लांब, जाड प्लास्टिकची, जिच्या पोटात नव्हे तर पाठीवर बसावयाचे अशी ती वस्तू. आणि तिला वरून खालपर्यंत आरपार भोके! नौकेला भोके पाहून कोणाही कोकणी माणसाच्या पोटात जे व्हावयाचे ते माझ्या पोटात झाले. वर उसळलेले पाणी या भोकांतूनच खाली जाते, नौकेचा पोकळ देह त्यांपासून अलग व बंद असतो, आणि धास्ती बाळगावयाची ती भोकांची नव्हे, तर सैल बसलेल्या झाकणांची, असा खुलासा झाल्यावर ते पूर्ववत झाले.

या नौकेची आद्य जननी उत्तर ध्रुवाकडील. जेथे झाड उगवत नाही तेथे वाहत आलेल्या लाकडांचा सांगाडा करून त्यावर सीलचे कातडे ताणून बसविणारे ते लोक नवशिके नव्हते, तरीही बंदोबस्तात त्यांनी काडीची कसूर ठेवली नव्हती. ग्रीनलंडचे शिकारी कातड्याचा तुइलिक नावाचा अंगरखा घालीत; त्याची टोपी चेहऱ्याभोवती, बाह्या मनगटांशी आणि खालचा घेर नौकेच्या तोंडाच्या कड्याशी असा काही आवळलेला असे, की मनुष्य कोठे संपतो व नौका कोठे सुरू होते याचा समुद्राला पत्ता लागू नये; आणि उलटली तर ही जोडी वल्ह्याच्या एका फटक्यासरशी पुन्हा सरळ होई. आमच्या उघड्या नौकेत ही सोय नाही. ती उलटताच मनुष्य आणि नौका यांची तत्काळ फारकत होते, आणि नवशिक्याने करावयाची सारी तरतूद ही या फारकतीनंतरच्या काही मिनिटांची तरतूद आहे.

"पोहता येते रे मला," मी म्हणालो.

"इथे पोहण्याचा प्रश्न येतच नाही, मामा. त्याच्याआधी श्वासाचा येतो."

मॉन्टेरेचे पाणी बहुतेक वर्षभर बारा-तेरा अंशांच्या आसपास असते; वेंगुर्ल्याचे त्याच्या दुपटीहून ऊन. अशा गार पाण्यात अकस्मात पडलेला मनुष्य प्रथम स्वतःच्या इच्छेविरुद्ध मोठा श्वास ओढतो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पुढील कार्यवाहीचे कारणच उरत नाही. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गिसब्रेख्त, ज्यांनी संशोधनासाठी स्वतःचा देह अनेकदा गारठवून घेतला, त्यांनी याचे कोष्टक लोकांच्या जिभेवर बसविले आहे: 1 मिनिट श्वास ताब्यात आणावयास, 10 मिनिटे हातापायांनी काही उपयोगाचे काम करून घ्यावयास, आणि गारठ्याने शुद्ध हरपेपर्यंत सुमारे 1 तास. शार्कची चौकशी मी आरंभीच केली होती, कारण तो मोठा पांढरा मासा त्या समुद्रात खरोखरच आहे. परंतु हे कोष्टक ऐकल्यावर शार्कचे प्रकरण आपोआप दप्तरी दाखल झाले.

म्हणून तेथे पोशाख करावयाचा तो हवेकडे पाहून नव्हे, पाण्याकडे पाहून. बाहेर ऊन छान पडलेले असते, लोक किनाऱ्यावर अर्ध्या चड्डीत आइस्क्रीम खात असतात, आणि त्यांच्या देखत आपण कोरड्या सूटमध्ये शिरावयाचे असते. या सूटच्या गळ्याला व मनगटांना रबराच्या अशा घट्ट पट्ट्या असतात, की डोके बाहेर निघेपर्यंत आपला पुनर्जन्म चालू आहे असे वाटते आणि कान बरोबर येतात की नाही याची शाश्वती राहत नाही. आत गरम कपडे घालावे लागतात, कारण सूट केवळ पाणी अडवितो, ऊब देत नाही; आणि सुती कपडा वर्ज्य, कारण तो भिजला की उबेच्या कामी येत नाही. सर्व चेनी बंद झाल्यावर भाचा म्हणाला, "आता उकिडवे बसा." मी उकिडवा बसलो, गुडघे छातीशी धरले; त्याने दोन बोटांनी माझा गळपट्टा किंचित फाकविला, आणि सूटमध्ये कोंडलेली हवा माझ्या हनुवटीखालून असा काही दीर्घ व असभ्य ध्वनी करीत बाहेर पडली, की आइस्क्रीम खाणाऱ्या एका चिमुरडीने आईचा हात घट्ट धरला. ही हवा न काढल्यास ती पाण्यात पायांत जमून पाय वर येऊ पाहतात, असे शास्त्र आहे.

त्यावर जीवरक्षक जाकीट. जमिनीवर भरपूर वजन असलेला मनुष्य पाण्यात मात्र चार-पाच किलोंचाच भार असतो, म्हणून सात किलो उचलून धरणारे जाकीटही त्याचे नाक वर ठेवण्यास पुरते, ही माझ्या दृष्टीने या प्रवासातील सर्वांत सुखद माहिती होय. पट्टे आवळल्यावर दुसऱ्याने खांद्यांना धरून ते वर ओढावयाचे. जाकीट कानांपर्यंत आले तर ते घातले काय आणि न घातले काय सारखेच. पण मुद्दा मापाचा नाही. तेथील कायद्याने प्रत्येक माणसामागे एक जाकीट नौकेवर असले म्हणजे भागते. अंगात घालण्याची सक्ती आहे ती तेरा वर्षांखालील मुलांना. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या 2023 च्या अहवालात नौकांच्या अपघातांत बुडून मेलेल्यांपैकी, ज्यांच्याविषयी माहिती उपलब्ध होती अशांत, 87 टक्क्यांच्या अंगात जाकीट नव्हते. कित्येकांजवळ ते असणारच. जवळ आणि अंगावर यांतील अंतर मात्र लाटांत फार वाढते. आपण तर लग्नातला शालू जसा कपाटात डांबराच्या गोळ्यांसह जपतो, तशी प्रत्येक महाग वस्तू जपणारी माणसे. चांगले जाकीट "उगाच मिठाच्या पाण्याने खराब नको" म्हणून जाळ्याखाली नीट घडी करून ठेवण्याचा मोह मला झाला नसता, असे मी शपथेवर सांगू शकत नाही.

तोच न्याय इतर सरंजामाला. बिनतारी यंत्र पाण्यात तरंगणारे असावे, आपत्तीच्या हाकेसाठी सोळावी वाहिनी लावता यावी, आणि ते जाकिटाला अडकविलेले असावे. नौकेच्या डब्यात ठेवलेले यंत्र वाऱ्याबरोबर नौकेचीच सोबत करते. मोबाइलवर विसंबू नये, ओल्या बोटांना तो ओळख देत नाही. शिट्टी गळ्याशी. वल्हे दोरीने नौकेला, गळाची काठी दोरीने नौकेला, चिमटाही दोरीने. आणि इतक्या दोऱ्या झाल्यामुळे त्यांत पाय अडकल्यास कापण्यासाठी छातीवर सुरी. नांगर टाकावयाचा तर त्याचा दोर नाळेशी किंवा पिछाडीशीच घ्यावा, कुशीला बांधल्यास प्रवाह नौकेला आडवी पाडतो. मात्र जाकिटाचे पुढचे खिसे भरभरून फुगवू नयेत, याचे मर्म पुढे कळले.

कारण मासा पाहण्याआधी मला बुडी मारावयाची होती. ब्रेकवॉटरच्या आडोशाला, कमरेएवढ्या पाण्यात, भाच्याने मला हेतुपुरस्सर नौका उलटावयास लावली आणि ती सरळ करून पुन्हा वर चढण्याचे प्रशिक्षण दिले. पद्धत अशी: पालथ्या नौकेच्या पलीकडची कड धरून ती आपल्याकडे ओढावयाची, मग तिच्या मध्यभागी हात टेकून, पाय मागे पसरून पाण्यावर झोडपावयाचे आणि आडवे सरकून प्रथम पोट, मग बैठक, शेवटी पाय या क्रमाने वर यावयाचे. पोटाच्या टप्प्यावर माझे प्रकरण बराच काळ प्रलंबित राहिले. छातीवर यंत्र, सुरी आणि मी स्वतःच्या जबाबदारीवर आणलेली चिवड्याची पुडी असा त्रिवेणी संगम असल्याने मला पुढे सरकता येईना आणि अभिमानामुळे मागे जाता येईना. ब्रेकवॉटरच्या खडकांवर पसरलेले समुद्रसिंह, जे तेथे अहोरात्र भुंकत असतात, त्यांपैकी काहींनी त्या सुमारास भुंकणे थांबविले, असा माझा दाट संशय आहे. पुडी जप्त झाली, आणि मी वर आलो.

राहता राहिला वारा. सकाळी तळ्यासारखा असणारा तो उपसागर दुपारकडे वायव्येच्या वाऱ्याने खवळतो. म्हणून उजाडता निघावे, भर दुपारच्या आत परतावे, आणि कोठून निघालो, कोठवर जाणार, नौकेचा रंग कोणता, किती वाजेपर्यंत न आल्यास तटरक्षक दलाला कळवावे, हे सारे लिहून घरी ठेवावे, असा दंडक आहे. त्या कागदाचा मसुदा मात्र मी केला. मोडीचे वळण असलेल्या अक्षरांत, अनुक्रमांक घालून, खाली दोघांच्या सह्या घेऊन, अकरा वाजता परत व साडेअकराला फोन, असा तो दस्तऐवज मी भाचेसुनेच्या हाती रुजू केला. तिने तो उभ्या उभ्या वाचला, पिवळ्या रंगाखाली नखाने रेघ ओढली, आणि फ्रीजवर चुंबकाखाली लावता लावता म्हणाली, "साडेअकराला फोन करते, मामा. पण कुकर अकराला लावू, की तुम्ही दिसल्यावर?"