एसीतला गॅस : स्वरूप, निदान आणि दक्षिणा

घरातल्या एसीचा जो एकच भाग डोळ्यांना दिसत नाही, तो म्हणजे गॅस. आणि म्हणून दर वर्षी बिघडतो तोच. फिल्टर दिसतो, पंखा दिसतो, पत्र्यावर ठेवलेले बाहेरचे मशीन तर गल्लीच्या टोकावरून दिसते. ते सगळे ठणठणीत असतात. हिमायतनगरात महाशिवरात्रीची परमेश्वराची यात्रा आटोपते, ऊन चढू लागते, पहिल्यांदा रिमोट दाबलेला एसी नुसताच वारा फेकतो, आणि त्याचा गॅस गेलेला असतो. या निदानाला लागणारा वेळ ठरलेला आहे : मेकॅनिकने मोटारसायकल स्टँडला लावल्यापासून उंबऱ्याशी चप्पल काढेपर्यंत.

"गॅस गेलाय, काका."

"मागच्या उन्हाळ्यात तर भरला होता. गेला काहून?"

"जातोच तो."

या शास्त्राचा सगळा पाया या शेवटच्या दोन शब्दांवर उभा आहे.

वास्तविक एसीतला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅससारखा जळत नाही आणि संपतही नाही. तांब्याच्या बंद नळीत तो गोल फिरत राहतो. खोलीतल्या कॉइलमध्ये त्याची वाफ होते तेव्हा तो खोलीची उष्णता उचलतो, बाहेरच्या कॉइलमध्ये पुन्हा द्रव होताना ती गल्लीला देऊन टाकतो आणि माघारी येतो. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात लग्नात आलेला फ्रीज असतो. त्याच्याही नळीत असाच गॅस असतो, तोही एसीच्या मानाने चिमूटभर. फ्रीजच्या दाराचे हँडल तुटून तिथे सुतळी आली, लग्नानंतर झालेले पोर दहावीला बसले, पण फ्रीजमध्ये गॅस भरायला अजून कोणी आलेले नाही. फ्रीजचा गॅस राहतोच आणि एसीचा जातोच. यामागचे कारण भौतिकशास्त्रात सापडत नाही, पावतीपुस्तकात सापडते.

एसी थंड न करण्याची कारणे क्रमाने अशी. पहिला फिल्टर. पुढचे झाकण उचलले की तो हातात येतो; पेचकस लागत नाही, म्हणून त्याला प्रतिष्ठाही नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर शिवारात हळदीच्या पॉलिशचे ढोल फिरतात आणि त्यांची पिवळी धूळ दारे-खिडक्या बंद असूनही घरात शिरते. फिल्टर चोंदला की कॉइलवरून हवा जात नाही, कॉइलवर बर्फ धरतो आणि भिंतीवरून पाणी ओघळते. गंमत अशी की अशा वेळी मेकॅनिकच्या दाब मोजणाऱ्या गेजचा काटाही खाली उतरतो. म्हणजे गॅस पुरेसा असला तरी, फिल्टर धुतला नसेल तर गेज तो कमीच सांगणार. फिल्टर दर पंधरवड्याला नळाखाली धरायचा असतो. तो वर्षातून एकदा, मेकॅनिक येण्याआधी लाजेखातर धुतला जातो.

दुसरे बाहेरचे मशीन. खोलीतली उष्णता त्याला हवेत सोडायची असते, पण ती हवाच बेचाळीस-त्रेचाळीस अंशांची. त्यात ते ठेवलेले पत्र्यावर, पाठीमागच्या जाळीला कापसाची म्हातारी चिकटलेली आणि खाली पारव्याचे घरटे. तिसरे व्होल्टेज : यंत्र 230 व्होल्टचे, संध्याकाळी अख्खे गाव एकदम बटण दाबते, तेव्हा घरात येते ते फक्त त्या आकड्याचे नाव. चौथा कपॅसिटर. पंखा फिरतो, कॉम्प्रेसर नुसता घुमतो आणि बंद पडतो. दोष काही शे रुपयांच्या डबीचा, आळ गॅसवर.

पाचवे कारण खास आपले : एसी आणि कुलर एकाच खोलीत, एकाच वेळी. पहिला आधुनिक एसी 1902 साली ब्रुकलिनच्या छापखान्यात बसला तो कागद ओलाव्याने फुगू नये म्हणून. हवेतला ओलावा काढणे हे त्याचे जन्मापासूनचे काम. इथे तो एका कोपऱ्यातून ओलावा काढतो आणि दुसऱ्या कोपऱ्यातून कुलर तो भरतो. पाच-सव्वापाच लिटर पाण्याच्या वाफेचे पुन्हा पाणी करायचे, तर एक टनाच्या एसीची तासाभराची सगळी ताकद त्यातच जाते. माणसांसाठी काही उरत नाही. यावर घरातला उपाय म्हणजे रिमोट 16 वर नेणे. 16 ने हवा 24 पेक्षा लवकर गार होत नाही, फक्त मशीन थांबायचे विसरते आणि त्याची आठवण बिल करून देते.

गॅस कधीच जात नाही, असे मात्र नाही. फ्रीजच्या नळ्या कारखान्यातच कायमच्या जोडलेल्या असतात. स्प्लिट एसीच्या नळ्या घरी येऊन नटाने आवळतात, आणि नट सैल राहिला की गॅस पाझरतो. पाझरते तिथे तेलाचा डाग पडतो, डागावर धूळ बसते, साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात. मग गळती बंद करायची, नायट्रोजन भरून दाब टिकतो का पाहायचा, व्हॅक्यूम पंपाने नळी कोरडी करायची आणि शेवटी गॅस मोजून भरायचा, हा रीतसर क्रम. प्रत्यक्षात पहिल्या तीन पायऱ्या गाळतात. पाइप लावतात, सिलिंडरची चावी फिरवतात, जाळीपुढे हात धरून म्हणतात, "बघा, गार आली." गळती होती तशीच राहते. नवा गॅस पुढच्या यात्रेपर्यंत पुरतो.

आता मुद्दा मोजण्याचा. बाहेरच्या मशीनच्या बगलेला एक स्टिकर असते. त्यावर गॅसचे नाव आणि वजन छापलेले असते, ग्रॅमपर्यंत. जुन्या यंत्रात आर-22, नव्यात बहुधा आर-32. दोन्हींचे तेल वेगळे. आर-32 चा दाब आर-22 च्या दीडपटीहून जास्त आणि तो थोडा पेट घेणाराही. गॅस कमी पडला तर एसी थंड करत नाही. जास्त झाला तरी करत नाही, वर कॉम्प्रेसरही जातो. म्हणून तो काट्यावर तोलूनच भरायचा असतो. तो काटा हिमायतनगरच्या पत्र्यांवर कोणी पाहिला आहे? याच गावचा माणूस सोयाबीन मोंढ्यात नेतो तेव्हा यंत्र खुपसून ओलावा बघतात. बाराच्या वर निघाला की हमीभाव विसरायचा. कापसाचा ओलावा आठच्या पुढे गेला की टक्क्या-टक्क्याने भाव कापतात. बारदान्याचे वजन वजा होते. पावशेर शेव घेताना दुकानदार शेवटची काडी उचलून परत बरणीत टाकतो. सोनार फुंकरीने पारडे हलू नये म्हणून श्वास धरतो. अहो, भंगारवाला, जो फुटकी बादली न्यायला येतो, तोसुद्धा काटा घेऊन येतो! एसीचा तर आकारच वजनावर ठरलेला : एक टन म्हणजे 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळवणारी उष्णता. आणि त्या टनाच्या पोटात जाणारे सातआठशे ग्रॅम मात्र अंदाजपंचे! जो विकतो तेव्हा त्याच्या घामाचा ओलावासुद्धा मोजला जातो, तो विकत घेतो तेव्हा हवा घेतो आणि पैसे मोजून देतो. मेकॅनिकला शिव्या देऊन हे मिटत नाही. फिल्टर धुऊन, कपॅसिटर तपासून "गॅस ठीक आहे" असे खरे सांगणाऱ्या पोराला या गावात चहा मिळतो आणि "काहीच तर केलं नाही, पैसे कशाचे?" हे ऐकायला मिळते. अकलेचे पैसे द्यायला आपला जीव जातो. माल भरला म्हटले की पाकीट आपोआप उघडते, मग तो माल दिसत नसला तरी. दोन महिन्यांत वर्षाची कमाई करायची असलेला पोर मग तोच माल विकतो. आपणच त्याला तो विकायला शिकवला.

स्टिकर उन्हाने पुसट होते, म्हणून एसी बसवल्या दिवशीच त्यावरचा आकडा वहीत उतरवून ठेवावा. राहिला असल्यास पत्र्यावर चढून वाचावा. सकाळी आठच्या आत चढावे. नंतर पत्रा तापतो.