आधी लगीन बुबुळाचं

लातूर-नांदेडकडं चष्म्याची किंमत वयावर ठरते. दहावीतल्या लेकराला चष्मा लागला की आई चारचौघींत कौतुकानं सांगते, "रात्री दोन-दोनपर्यंत पुस्तक सोडत नाही ओ!" तेच लेकरू चोविशीत आलं, बायोडाटा छापायची वेळ झाली, की तोच चष्मा घराण्याला लागलेला बट्टा ठरतो. मग फोटोच्या वेळी चष्मा खिशात जातो आणि मुलगा फोटोग्राफर समजून शेजारच्या कुंडीकडं बघून हसतो.

शिकवण्यांच्या लातूर पॅटर्ननं डॉक्टर किती घडवले, हे दर निकालाला पानभर जाहिरातींत मोजून दाखवतात. चष्मे किती घडवले, याचा फलक अजून कुठल्या चौकात लागलेला नाही. आता तर आठवीपासूनच फाउंडेशन. सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी टेस्ट, रात्री अभ्यासिका. मेरिटचा नंबर येवो न येवो, चष्म्याचा येतोच. वाढत्या वयात डोळ्याचा गोल लांबट होत गेला की लांबच्या वस्तूची प्रतिमा डोळ्यातल्या मागच्या पडद्याच्या अलीकडंच पडते. चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेनं रोज 40 मिनिटं जास्त उघड्यावर काढलं, तर तीन वर्षांनी त्यांच्यात चष्म्याचं प्रमाण कमी निघालं. 2015 साली हा अभ्यास छापून आला. म्हणजे औषध काय, तर बाहेरचा उजेड! 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातूरला ऊन मात्र कधी बाहेरून मागवावं लागलेलं नाही. तरी आम्ही पोरांना पडदे ओढून, ट्यूबलाइट लावून बसवतो. वर त्याची फी भरतो.

मग घालवलेल्या उजेडाची भरपाई लग्नाआधी चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेझरनं. याची जन्मकथा सोयऱ्यांना सांगू नये अशी आहे. मूळचे मद्रासचे रंगास्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत होते. 1981 साली थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेला टर्कीचा तुकडा त्यांनी एक्सायमर लेझरखाली धरला. आजूबाजूचं काही न जळता नेमका काप गेला. त्याच वाटेनं पुढं बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला आकार देणं साधलं. परक्यांच्या सणातलं शिळं मटण असं आमच्या माळकरी घरांतल्या साखरपुड्यापर्यंत पोचलं.

खरी करमणूक असते ती तपासणीच्या खोलीत. बुबुळाचा हा पडदा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. जेवढा नंबर मोठा, तेवढा तो जास्त तासावा लागतो. शिवाय नंबर स्थिर झालेला हवा. डॉक्टर हे समजावत असतात आणि नवरदेवाचे मामा मोबाईलमध्ये मुहूर्त बघत असतात. "पैशाचं बघू नका साहेब, तारखेचं बघा. गुरुवारी टिळा हाय." पडदा पातळ आहे, करता येणार नाही, असं सांगितलं तर मामा विचारतात, "मग जाड करायचं एखादं इंजेक्शन?" 'नाही' म्हणणाऱ्या डॉक्टरला आमच्याकडं हुशार धरत नाहीत. नांदेडचे मामा असतील तर रात्रीच हैदराबादची गाडी धरतात.

काही बाप लग्नाआधी नोकरीचा विचार करतात. रेल्वेच्या सहायक लोको पायलटला चष्म्याविना 6/6 नजर लागते, म्हणून पोराचा नंबर घालवतात. जाहिरात पुढं वाचायची राहून जाते: लेसिक, म्हणजे हीच लेझरची शस्त्रक्रिया, झालेला उमेदवार या पदाला अपात्र. आता पोराला फलाटाच्या टोकाची पाटी स्वच्छ वाचता येते, फक्त गाडी चालवता येत नाही.

आणि याच लातूर जिल्ह्यातल्या, रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात हे डॉक्टर होते. मोतीबिंदूच्या लाखाहून जास्त शस्त्रक्रिया त्यांनी केल्या, 2008 साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या मुलखात नातवाच्या लेझरसाठी सोयाबीन पडत्या भावात तातडीनं विकलं जातं. आजीचा मोतीबिंदू मात्र "पिकू द्या अजून, दिवाळीनंतर बघू." ही दिवाळी कुठल्या सालची, ते कोणी सांगत नाही. आजी मांडवात बसून नवरदेवाला आवाजावरून ओळखते आणि त्याच्या उघड्या, देखण्या डोळ्यांचं कौतुक लोकांच्या तोंडून ऐकते.

तेव्हा यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी पत्रिका छापायला टाकायच्या आधी म्हातारीला दाखवून आणावं. नवरदेव चष्म्यासकट बोहल्यावर चढला तरी अक्षता पडतात. मोतीबिंदू पिकायची वाट बघायची गरज आता उरलेली नाही, आणि सरकारी रुग्णालयात तो मोफत काढतात.